पलीकडून आलेली ओ

त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. जंगलखात्यात, बाजारात, न्हाव्याच्या दुकानात सगळे त्याला भोंगा म्हणत. मोठ्यांनी ‘ए भोंग्या’ म्हणायचं आणि पोराटोरांनी ‘भोंगाकाका’, एवढाच काय तो फरक. त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही, कारण त्याचं कामच ओरडण्याचं होतं.

खोऱ्यात लांडगे किती उरलेत हे खात्याला दर वर्षी कळायला हवं असे, आणि लांडगा काही शिरगणतीला दारात येऊन उभा राहत नाही. म्हणून दिवेलागणीला एका माणसाने कड्यावर जायचं, दोन्ही तळव्यांची ओंजळ तोंडाभोवती धरायची आणि लांडग्यासारखी लांब हाक मारायची. कळप जवळपास असला तर त्याला राहवत नाही, तो ओ देतो. मग त्या गलक्यातले आवाज वेगळे करायचे: एवढे मोठे, एवढी पिल्लं. या कामाला हाक-गणती म्हणत, आणि खोऱ्याच्या कचेरीत ती धड जमणारा हा एकटाच. बाकीच्यांनी प्रयत्न केला की गावातली कुत्री तेवढी ओ द्यायची.

‘लांडगा आला रे आला’ म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट सगळ्यांनीच ऐकलेली असते. तेव्हा त्याच्या नोकरीवरून थट्टा व्हायची ती व्हायचीच, आणि त्यात घरचं माणूसही मागे नव्हतं. बायको शिवणकाम करायची. कपडे टाकायला येणाऱ्या बायका तिला विचारायच्या, "तुमचे हे काय करतात हो?"

"ओरडतात."

"ते तर आमचेही करतात."

"आमच्यांना त्याचा पगार मिळतो," ती दाताने दोरा तोडत म्हणायची.

लाकडाच्या वखारीमागे त्यांचं दोन खोल्यांचं सरकारी घर होतं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे पत्र्याच्या दाराची न्हाणी. लग्न नवीन होतं तेव्हा तो न्हाणीत रिकाम्या पिंपात डोकं घालून सराव करायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. शेजाऱ्यांची समजूत अशी झाली की नव्या सुनेने नवऱ्याला पहिल्याच महिन्यात रडवलं. बायकोने ती समजूत कधी दूर केली नाही, कारण तिचा तिला पुढे बराच उपयोग झाला.

गळा त्याचा चांगला होताच, पण खरी चीज होती त्याचा कान. कळपातला एकेक आवाज त्याला वेगळा ओळखू यायचा. त्यातल्या एका मादीला तो थोरली म्हणायचा. तिचा आवाज वर चढताना मध्येच एकदा कापायचा, गाणाऱ्याला ठसका येता येता राहावा तसा. ती पिल्लू होती तेव्हापासून तो तिला ऐकत आला होता. त्याची हाक गेली की सगळ्यांच्या आधी तिची ओ यायची आणि सगळे थांबल्यावर शेवटचं तीच थांबायची. मूलबाळ नसलेल्या माणसाने अशा गोष्टीत किती जीव गुंतवावा याला काही माप नाही. त्याने गुंतवला होता.

खोरं म्हणजे नुसतं नावाला रान उरलं होतं. एका अंगाला धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला पसरत चाललेलं शहर, आणि तिसऱ्या अंगाला तो नवा महामार्ग, दोन्हीकडून माणसापेक्षा उंच भिंती घातलेला. चौथ्या अंगाला उभा कडा. आतला लांडगा बाहेर जाऊ शकत नव्हता, बाहेरचा आत येऊ शकत नव्हता. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

वावगं दिसलं ते डॉक्टरीणबाईला. ही खात्याची नवी जनावरांची डॉक्टर. आल्या आल्या तिने रानभर हिंडून लांडग्यांची लेंडी पुड्या बांधून गोळा केली आणि कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवली. भोंग्याच्या बायकोने ऐकलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "एक ओरडतो, एक लेंड्या वेचते. खात्यात धड कामाचं कुणी घेतच नाहीत का?" पण बाई घरी चहाला आली तेव्हा दोघींचं चांगलं जमलं. बाईच्या जाकिटाची चेन बिघडली होती, ती बोलता बोलता बसवून झाली.

"काका, तुमच्या खोऱ्यात परकं असं कुणीच नाही," बाई म्हणाली. "सगळे एकाच जोडप्याची पिलावळ. पिढ्यान् पिढ्या घरातल्या घरात लग्नं."

"म्हणजे जो काका तोच मामा, आणि तोच सासरा?" बायकोने विचारलं.

"तसंच."

"बरंय की. आमंत्रण एकदाच द्यायचं."

बाई हसली, पण फार वेळ नाही. "असं बघा. आपल्या अंगात रोगाला ओळखणारे पहारेकरी असतात. काही आईकडून येतात, काही बापाकडून. आईबाप वेगवेगळ्या घरचे असले की पहारेकरीही वेगवेगळे येतात. एकाला हा चोर ओळखू येतो, दुसऱ्याला तो. इथे मात्र अख्ख्या गल्लीत एकच पहारेकरी उरलाय. त्याला जो चोर ओळखू येत नाही तो ज्या दिवशी शिरेल, त्या दिवशी गल्ली साफ."

"आणि नाही शिरला तर?" भोंग्याने विचारलं.

"तर नाही. नशिबावर चाललंय सध्या. पण काका, मला नशिबावर भरवसा ठेवायचा पगार मिळत नाही."

तिला दूरच्या जंगलातून लांडग्यांची एक जोडी आणून खोऱ्यात सोडायची होती. परकं रक्त मिसळलं की पुढची पिल्लं वेगळी निघतील, निदान काही तरी तग धरतील, असा हिशेब. मेंढपाळांना हे कळलं तेव्हा ते उसळले. आहेत ते लांडगे कमी पडतात म्हणून आता बाहेरून पाहुणे आणताय का, असं त्यांनी कचेरीत येऊन सुनावलं. मोठे साहेब हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. अडचणीचा निर्णय आपोआप विरघळावा म्हणून वाट बघण्यात त्यांची हयात गेली होती.

त्याच पानगळीत ती ओ आली.

भोंग्याने कड्यावरून हाक मारली होती. कळपाने ओ दिली, त्याने आवाज मोजले, आणि उठायच्या आधी सवयीप्रमाणे आणखी एकदा हाक मारली. या वेळी उत्तर आलं ते खोऱ्यातून नाही. ते महामार्गाच्या पलीकडच्या टेकडीवरून आलं. एकटा, कोवळा, कधी न ऐकलेला आवाज. गाड्यांच्या घरघरीवरून तो तरंगत आला. खाली कळप एकदम गप्प झाला होता.

घरी येऊन त्याने बूट न काढताच सांगितलं, "परका आलाय."

त्यानंतर रोज दिवेलागणीला हेच. तो हाक मारायचा, थांबायचा, आणि पलीकडून ओ यायची. दिवसभर खात्याच्या वखारीत लाकडावर शिक्के मारायचं त्याचं काम, ते करताना त्याचं चित्त संध्याकाळकडे लागलेलं असायचं. एवढ्या वर्षांत त्याला ओ देणारे सगळे ओळखीचे होते. हा अनोळखी असून त्यालाच शोधत होता, असं त्याला वाटायचं, आणि हे तो कुणाला सांगत नसे.

एकदा बायको त्याच्याबरोबर वर आली. शाल लपेटून तिने सगळं ऐकून घेतलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण शेवटी दोरा तोडल्यासारखा थांबतो. तुमच्या थोरलीचा कसा विरत विरत जातो."

"तरणा आहे अजून. दम कमी पडतो."

"आणि रविवारी का हो नसतो? मागच्या रविवारीही तुम्ही तोंड पाडून आलात, त्याच्या मागच्याही. तुमचा पाहुणा साप्ताहिक सुट्टी घेतो वाटतं, साहेबासारखी."

दोघंही हसली. रविवारी महामार्गावर गाड्या जास्त असतात, आवाज पोचत नसेल, असं त्याने स्वतःला समजावलं. वर्षानुवर्षं ज्या कानावर विसंबलो, त्या कानाला रविवारचं एवढंसं कोडं सुटू नये याचं त्याला काहीच वाटलं नाही. माणसाला हवं ते ऐकू येत असलं की बाकीचं ऐकायची घाई नसते.

साहेबांच्या खोलीत बैठक बसली. डॉक्टरीणबाई जोडी आणायचा विषय घेऊन आली होती. साहेबांनी भोंग्याला बोलावलं आणि परक्याचं सगळं विचारून घेतलं.

"काका, त्याची लेंडी सापडली?" बाईने विचारलं. "केस? पाऊल उमटलेलं?"

"अजून नाही. पण आवाज रोज येतो."

"आवाज प्रयोगशाळेत तपासता येत नाही."

"बाई, या माणसाच्या कानावर आम्ही इतकी वर्षं गणती केली," साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसायला लागली होती. "भोंग्या, नक्की?"

इथे तो ‘वाटतंय’ म्हणू शकला असता. ‘अजून थोडं ऐकू द्या’ म्हणू शकला असता. पण खोलीतली सगळी मोठी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

"नक्की, साहेब."

"मग झालं तर. परकं रक्त आपल्या पायांनी भिंतीपर्यंत आलंय, पुढची वाटही काढेल, तर आपण कशाला गाडी पाठवायची? वर्षभर थांबू."

बाईने फाईल मिटली. जाताना तिने भोंग्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, त्याच्यावर विश्वास ठेवायची धडपड होती.

चोर शिरला तो हिवाळ्याच्या तोंडाशी, कुठल्याशा भटक्या कुत्र्याच्या अंगावरून. खरूज. साधी खरूज. दिसणारही नाही एवढा किडा कातडीत बिळं करून राहतो, जनावर खाजवून खाजवून अंगावरचे केस घालवतं, आणि मग थंडी उरलेलं काम करते. दुसऱ्या जंगलांत काही लांडगे तिला पुरून उरतात, पुन्हा केस धरतात, असं बाई सांगायची. इथे एकाला जे जमलं नाही ते दुसऱ्यालाही जमलं नाही.

पहिला सापडला तो धरणावरच्या पंपघराच्या भिंतीशी. आत मोटार चालते म्हणून भिंत कोमट असते, तिला पाठ लावून तो मेला होता. शेपटी दोरखंडासारखी उघडी, कातडी राखाडी, जाड, भेगाळलेली. भोंग्याने लांडगा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता, आणि हा लांडगा आहे हे त्याला सांगावं लागलं. त्यानंतर मेलेले लांडगे उचलायला पंपघराशी जाणं हे एक कामच होऊन बसलं.

दिवेलागणीची ओ विरळ होत गेली. आधी पिल्लांचे आवाज गेले. मग मोठ्यांतले एकेक. वर्गात हजेरी घ्यावी आणि रोज एखादं नाव पुकारून गप्प बसावं लागावं, तसं त्याचं झालं. पलीकडचा मात्र इमानाने ओ देत होता. भोंगा महामार्गाकडे तोंड करून घसा फाटेपर्यंत हाका मारायचा. ये रे बाबा, आता तरी ये, असं त्या हाकेत असायचं. तो ओ द्यायचा आणि येत नव्हता.

हिवाळा सरता सरता तीही ओ थांबली. थोरलीचीही. प्रयोगशाळेकडून उत्तर आलं की पाठवलेल्या सगळ्या लेंड्या एकाच घराण्यातल्या, परकं कुणी नाही.

"पलीकडेच राहिला असेल," भोंगा म्हणाला.

पुढच्या वर्षी खात्याने दुसऱ्या एका शहरात हाक-गणती करणाऱ्यांची कार्यशाळा भरवली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पडदा, मागे चहाचं टेबल. शिकवणाऱ्याने एकेकाला पुढे बोलावून हाक मारायला लावली आणि हॉलमध्ये हसण्याचा नुसता धुमाकूळ चालला होता. मग शेजारच्या विभागातली एक बाई उठली. चाळिशीची, अंगात निळा स्वेटर. तिने पर्स खुर्चीवर ठेवली, लाजून इकडेतिकडे बघितलं, ओंजळ तोंडाशी नेली.

ट्यूबलाइटच्या उजेडात, भर दुपारी, परका त्याच्यासमोर उभा राहून ओरडला. कोवळा, एकटा आवाज. वर चढला, तरंगला आणि दोरा तोडल्यासारखा थांबला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. भोंग्याचे हात मांडीवर तसेच राहिले.

चहाच्या वेळी ती आपण होऊन त्याच्याकडे आली. "तुम्ही खोऱ्याकडचे ना? आमच्या विभागाने मला महामार्गापलीकडे नेमलं होतं, तुमचा एखादा इकडे येतो का ते बघायला. तुमच्या कड्यावर एक म्हातारा नर होता बघा. रोज मला ओ द्यायचा."

"हो?" भोंगा म्हणाला.

"इतका एकटा होता हो. ऐकून पोटात तुटायचं. घरी गेले की माझी मुलगी विचारायची, आज आजोबा बोलले का? आम्ही वर कळवलंसुद्धा की खोऱ्यातला एक तरी रस्त्यापर्यंत येतो म्हणून. मग माझी तिथली नेमणूक संपली. गेला असेल आता बिचारा."

"रविवारी पण यायचा?"

"रविवारी मी कुठली जातेय? घरची कामं काय कमी असतात का?"

त्याने कप खाली ठेवला, हात धुवायच्या खोलीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. त्याला शरम वाटत होती, पण शरमेपेक्षा भीती जास्त होती. एक हिवाळाभर आपण एका बाईला लांडगा समजत होतो आणि ती आपल्याला, आणि मधल्या खोऱ्यात खरे लांडगे केस गळून मरत होते. तिला त्याने त्या दिवशी काही सांगितलं नाही. तिचे आजोबा तिच्याकडून काढून घ्यायला त्याची जीभ उचलली नाही.

घरी त्याने सांगितलं तेव्हा बायकोने मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं.

"मी थट्टा केली होती हो," ती म्हणाली. "रविवारची."

"माहीत आहे."

"मला थट्टाच वाटली."

त्या दिवसानंतर तिने त्याच्या ओरडण्यावर विनोद केला नाही. घर त्यामुळे फार शांत झालं.

डॉक्टरीणबाईला त्याने सांगितलं तेव्हा तिने चिडावं अशी त्याची इच्छा होती. तिने फक्त डोळे चोळले. "जोडी वेळेवर आणली असती तरी सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही, काका. पिल्लं व्हायला, वाढायला वेळ लागतो. थोडे वाचले असते."

शिव्या परवडल्या असत्या. ‘थोडे’ हा शब्द त्याच्या मानगुटीवर बसला. ते थोडे कोण असते, हे तो लाकडांवर शिक्के मारता मारता ठरवत बसायचा. आखूड आवाजाचा एक नर होता, तो वाचला असता का. त्या साली झालेली पिल्लं वाचली असती का. झोपेत तो कण्हायचा आणि बायको त्याला हलवून जागं करायची, कारण ते कण्हणं हळूहळू वर चढायला लागायचं.

बातमी खात्यात पसरायला वेळ लागला नाही. लोक तोंडावर काही म्हणत नसत, पण भोंगा म्हणणं त्यांनी आपोआप सोडलं. आता सगळे ‘काका’ म्हणत. ते त्याला जास्त लागलं.

मग साहेब बदलले. नव्या साहेबांनी दूरच्या जंगलातून लांडगे आणायचं ठरवलं, खोरं रिकामं आहेच तर. खालच्या अंगाला, धरणाशी, मोठं कुंपण घालून नवे लांडगे त्यात आणून ठेवले. त्यांना इथल्या वाऱ्याची सवय झाली की फाटक उघडायचं. त्याआधी जुन्यांपैकी कुणी उरलेलं नाही याची खात्री हवी होती. एखादा जरी खरजेचा लांडगा उरला असला आणि तो नव्यांत मिसळला, तर सगळंच मुसळ केरात. म्हणून निवृत्तीला टेकलेल्या भोंग्याला पुन्हा कड्यावर पाठवलं, एक तरुण वनरक्षक बरोबर देऊन.

काही संध्याकाळी नुसतीच शांतता मिळाली. या वेळी त्याला शांतताच हवी होती. शेवटच्या संध्याकाळी त्याने हाक मारली, आणि वरच्या घळीतून ओ आली. बारीक, कोरडी. वर चढताना मध्येच एकदा कापली.

"थोरली," तो म्हणाला.

तरुण वनरक्षकानेही ऐकलं होतं. तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "काका, ती पलीकडची बाई असेल."

भोंग्याने तिथूनच तिला फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मी तर ते काम केव्हाच सोडलं, मी घरी आहे, का बरं, असं तिने विचारलं, आणि मग त्याला सगळं सांगावंच लागलं.

"म्हणजे ते आजोबा तुम्ही होतात?"

"हो."

"मुलीला नाही सांगणार मी," ती म्हणाली.

कचेरीत त्याने सांगितलं की थोरली जिवंत आहे. कुणी खोटं ठरवलं नाही, पण कुणी लिहूनही घेतलं नाही. डॉक्टरीणबाईनेसुद्धा आवाज हळू करून म्हटलं, "मला लेंडी दाखवा, काका. केस दाखवा. मग मी फाटक उघडू देणार नाही." तो घळीत चार पायांवर हिंडला. दगड, काटे, वारा, बाकी काही नाही. कुंपणातले लांडगे जाळीवर डोकी आपटायला लागले होते, त्यांना आणखी ठेवणं शक्य नव्हतं. फाटक उघडलं.

भोंगा मात्र रोज वर जात राहिला. आणि एका संध्याकाळी ती दिसली. घळीतल्या ओढ्यापलीकडे, खडकावर. अंगावर केस नव्हते, फक्त मानेवर आणि गालांवर पांढुरका झुपका. कान मोठे वाटत होते. तो ओंजळ तोंडाशी धरून उभा होता, हाक अर्धी तोंडातच होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने चोरी पकडल्यासारखे हात खाली घेतले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग ती वळून घळीत गेली.

संपलं, त्याला वाटलं. आजवर आपल्याला कोण बोलावत होतं ते आज तिला कळलं. दुसऱ्या दिवशी जावं की नाही हे कळेना. बायकोने त्याचे बूट दाराशी आणून ठेवले. तो गेला, घाबरत घाबरत हाक मारली, आणि ओ आली.

तेव्हा त्याला उमगलं की तिला पहिल्यापासून ठाऊक असणार. पलीकडून हाक आली की कळप गप्प व्हायचा, कारण तो अनोळखी माणूस आहे हे त्यांना कळत होतं. त्याला ते ओ द्यायचे, कारण तो ओळखीचा माणूस होता. आवाजाला फसली होती ती दोन माणसं, लांडगा एकही नाही.

त्याने डॉक्टरीणबाईला आणलं. बाईने लांबून, दुर्बिणीतून, बराच वेळ पाहिलं. "मी तुमचं ऐकायला हवं होतं," ती म्हणाली.

"मागच्या वेळी ऐकायला नको होतं," तो म्हणाला. "आता काय करायचं?"

"पकडायला गेलो तर या थंडीत ती मरेल. नाहीतर बिथरून खाली पळेल, सरळ नव्यांकडे. मी मांसात औषध घालून ठेवते, पण आता उशीर झालाय. एवढी टिकली म्हणजे हिचा पहारेकरी थोडा वेगळा निघाला असणार." ती थांबली. "हिची पिल्लं हवी होती आपल्याला."

"मग?"

"तुम्ही हाक मारली की ती इथे येते ना? मारत राहा. ती तुमच्याशी बोलतेय तोवर खाली जाणार नाही."

आणि तो मारत राहिला. खाली धरणाकाठी नव्या लांडग्यांनी ओरडायला सुरुवात केली की थोरली कान तिकडे वळवायची. तिच्या जातीचे आवाज होते ते, एवढ्या दिवसांनी आलेले, कळपाचे. तिची पावलं उतरणीकडे वळायची, आणि तेवढ्यात भोंगा वरून हाक घालायचा. ती थांबायची. खाली बघायची, वर बघायची. मग त्याला ओ द्यायची आणि खडकावर अंगाचं मुटकुळं करून बसायची. तिला आपल्या माणसांत जाऊ न देणारे आपण, हे त्याला रोज कळत होतं. तिलाही कळत असावं. तरी ती ओ देत होती.

थंडी वाढली तशी ती ओ लहान होत गेली. आधी तिच्यातलं चढणं गेलं, मग लांबी गेली, शेवटी तो मधला कंप तेवढा राहिला. मग एका संध्याकाळी तोही आला नाही. भोंगा ओढा ओलांडून गेला. ती खडकाच्या आडोशाला पडली होती, तोंड कड्याकडे, तो जिथे उभा राहायचा तिकडे. त्याने स्वेटर काढून तिच्यावर घातला, केस नव्हते म्हणून.

तो तिथेच बसला होता तेव्हा खालून नवे लांडगे ओरडले. खूप होते. एकाचा आवाज दुसऱ्यासारखा नव्हता: कुणी जाड, कुणी पातळ, कुणी भलतीकडेच वळणारा. असं वेगवेगळं ओरडणं त्या खोऱ्याने त्याच्या उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. सवयीने त्याची ओंजळ तोंडाशी गेली. त्याने तीच ओंजळ तोंडावर दाबून धरली, आणि ते थांबेपर्यंत सोडली नाही.

घरी बायको दारातच उभी होती. त्याच्या अंगात स्वेटर नाही हे तिने पाहिलं आणि त्याबद्दल काही विचारलं नाही.

"आज दिली का ओ?" तिने विचारलं.

"दिली," तो म्हणाला. "मला नाही."